खोबरेल थिजलं की...

पारा २४ अंशांच्या खाली घसरला की खोबरेल थिजू लागतं. बेळगावात सकाळी बाटली उन्हात ठेवायची वेळ आली, म्हणजे थंडी आली! कुणी तिला ‘चळी’ म्हणतं, पण टाचा सगळ्यांच्याच फुटतात. कोरडी हवा त्वचेतला ओलावा ओढून घेते. त्यात आपण कढत पाण्यानं न्हातो, साबण खसाखसा चोळतो. त्वचेचं स्वतःचं तेलही वाहून जातं. म्हणून पाणी कोमट घ्यावं, अंग टिपून ते ओलसर असतानाच खोबरेल लावावं. भेगांना रात्री कोकमतेल लावून सुती मोजे घालावेत.

घरात मधुमेही आजी-आजोबा असतील, तर त्यांची पावलं मात्र रोज आपण पाहावीत. मधुमेहात पायांची संवेदना कमी होऊ शकते. भेग चिघळली तरी दुखत नाही. त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत तेल नको, शेकोटीजवळ पाय नकोत. भेगेतून रक्त किंवा पू दिसला, तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

‘काही होत नाही गं’ असंच अज्जी म्हणणार. तरीही मोजे काढून बघाच!