अभंगाचा नवा ठेका आणि जुने कान

परभणीहून जिंतूरकडे निघाले की वाटेत झरी लागते. मराठवाड्यातील कोणत्याही नांदत्या गावाप्रमाणे एकादशीचे भजन, वर्षाचा हरिनाम सप्ताह आणि काल्याचे कीर्तन ही येथलीही वहिवाट. याच गावातील महाविद्यालयीन मुलांच्या मोबाइलवर आज तुकोबांचा अभंग गिटार आणि ड्रमच्या साथीने वाजू लागला आहे. मुंबईच्या तरुणांचा ‘अभंग रिपोस्ट’ हा वाद्यवृंद त्यांत अग्रभागी आहे. रॉक, रेगे, फंक अशा पाश्चात्त्य ढंगांत संतवाणी बांधण्याचा हा प्रयोग शहरांतील नाट्यगृहांतून निघून खेड्यांतील पारांपर्यंत पोहोचला, आणि तेथे त्याचे दोन परस्परविरोधी प्रतिसाद उमटले. तरुण म्हणतात, अभंग आम्हांस प्रथमच आपला वाटला. टाळ धरून ज्यांचे केस पांढरे झाले, ते विचारतात, यात अभंग कोठे आहे?

दोन्ही प्रतिसाद प्रामाणिक आहेत. परंतु ज्येष्ठांच्या नाराजीचा रोख बहुधा वाद्यांवर असतो, आणि तेथेच तिची बाजू लंगडी पडते.

भजनात आज जी पेटी मांडीशी घेतली जाते ती मूळची कोठली? १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये तिचा जन्म झाला. पुढे कलकत्त्यात हाताच्या भात्याची, बसून वाजवावयाची पेटी घडली आणि ती देशभर पसरली. तिला विरोध करणाऱ्यांत रवींद्रनाथ ठाकुरांसारखे थोर होते. १९४० साली नभोवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती बंदी पुढील तीन दशके टिकली. भारतीय स्वरांतील श्रुती आणि मींड या वाद्यातून निघत नाहीत हा आक्षेप शास्त्रदृष्ट्या खोटाही नव्हता. तरीही गावोगावच्या भजनी मंडळांनी पेटी सोडली नाही. आज एखाद्या वृद्ध भजनकऱ्यास पेटी परकी आहे असे सांगितले तर तो सांगणाऱ्याकडेच संशयाने पाहील.

संघाच्या स्वयंसेवकांना तर याचे उदाहरण दूर शोधावयास नको. घोषातील शंख म्हणजे बिगुल, आनक आणि पणव म्हणजे लष्करी बँडमधील ढोल. ही वाद्ये इंग्रजी पलटणींतून आली. आरंभी रचनाही त्याच धाटणीच्या होत्या. पुढे स्वयंसेवकांनीच परिश्रमपूर्वक भारतीय रागांवर आधारित रचना बांधल्या. वाद्याचे नाव संस्कृत ठेवले एवढ्याने ते आपले झाले नाही. त्यातून स्वर आपला निघू लागला, तेव्हा झाले.

संतांनी स्वतः काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. पैठणच्या नाथमहाराजांनी वासुदेव, जोगवा, गोंधळ, जोशी ही तत्कालीन लोकांच्या तोंडची रूपे उचलली आणि त्यांतून भारुड उभे केले. एका विद्वान ब्राह्मणाने डोंबाऱ्याच्या खेळाचे रूपक करून परमार्थ सांगावा, हे तेव्हाच्या कर्मठांना रुचले असेल असे मानण्याचे कारण नाही. नामदेवांची कथा याहून विलक्षण. ज्या नरसीशी त्यांचे नाव जोडले आहे, ती आज हिंगोली जिल्ह्यात असली तरी १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. त्यांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथसाहेबात समाविष्ट आहेत, आणि ती तेथील रागव्यवस्थेत, तेथील रागी मंडळींच्या कंठातून गायिली जातात. पंढरीच्या वाळवंटातील टाळकऱ्याला ती चाल ओळखू येणार नाही. म्हणून घुमानला कोणी नामदेव हरवले असे म्हणत नाही. उलट २०१५ साली मराठी साहित्य संमेलन तेथे भरले, तेव्हा महाराष्ट्राला त्याचा अभिमानच वाटला.

अलीकडच्या काळात राम फाटकांच्या चालींनी आणि भीमसेन जोशींच्या कंठाने अभंगाला ख्यालगायकीचा विस्तार दिला. फडावरच्या पारंपरिक चालीत तो बसणारा नव्हता. आज ‘संतवाणी’ हीच परंपरा समजली जाते. ‘प्रभात’च्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटातील बीज आणि वृक्षाच्या दृष्टान्ताचे पद तर शांताराम आठवल्यांनी लिहिलेले. पण ते तुकोबांचेच समजून भले भले जाणकार गाथ्यात शोधीत बसले! श्रोत्याचे कान नवे स्वीकारण्यास सहसा नाखूष नसतात, फक्त त्यांना त्यात भाव सापडावा लागतो.

मग या नव्या ध्वनिमुद्रणांना काही विचारूच नये काय? अवश्य विचारावे, परंतु शब्दांविषयी विचारावे. अभंग ही मुळात शब्दांची रचना आहे. अनेक नव्या प्रयोगांत ठेक्याच्या सोयीसाठी एखादे चरण गाळले जाते, ध्रुवपद दहा वेळा घोळविले जाते आणि शेवटची नाममुद्रा उरकली तरी जाते किंवा वगळली जाते. हे दुर्लक्षण्याजोगे नाही. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’ ही निव्वळ स्वाक्षरी नव्हे. मंदिराच्या पायरीबाहेर उभ्या राहिलेल्या चोखोबांचे नाव संपूर्ण समाजाने आपल्या मुखाने घ्यावे, ही समरसता त्या एका मुद्रेत साठलेली आहे. गिटारने अभंगाचे काही बिघडत नाही. मुद्रा गेली तर ते केवळ एक गोड गीत उरते. कीर्तनात चित्रपटगीतांच्या चाली घेणाऱ्या बुवांनाही हाच निकष लागू आहे, आणि त्यांच्यावर मात्र आपण फारसे रागावत नाही.

दुसरा प्रश्न ऐकणाऱ्यांचा आहे. फडावर कोणी श्रोता नसतो. विणेकरी चरण उचलतो, टाळकरी तो झेलतात, पावली पडते. जो आला तो गातो. कानात यंत्र घालून एकट्याने ऐकलेल्या अभंगात हे नाही. अर्थात या तरुणांच्या प्रत्यक्ष कार्यक्रमात समोरचा समुदाय टाळ्यांवर विठ्ठलनाम घेतो, तेव्हा त्या परंपरेचा एक धागा नकळत हाती आलेला असतो, हे मान्य केले पाहिजे.

गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव याच जिल्ह्यातले. जनीने विठ्ठलाला जात्याशी बसविले आणि तेव्हापासून येथल्या बायकांनी पहाटेच्या दळणात ओवी जागती ठेवली. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हां यांनी महाराष्ट्रभर फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्याही आहेत. मग गावात विजेची गिरणी आली. बायकांचे कष्ट वाचले हे उत्तमच झाले, पण जाते थांबले आणि ओवीही थांबली. त्या वेळी कोणी निषेधाचे पत्रक काढले नाही, कारण कोणी आक्रमण केलेच नव्हते. गाण्याचा प्रसंग तेवढा नाहीसा झाला. आज मृदंगाची तीच अवस्था येऊ घातली आहे. आळंदीला जोगमहाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली ती हा धोका ओळखूनच. तेथून शिकून आलेले कीर्तनकार सप्ताहाला मिळतात. पण रोजच्या भजनात मृदंगावर थाप देणारा गावचा मुलगा मिळेनासा झाला, तर दोष मुंबईच्या ड्रमवाल्याचा कसा?

झरीच्या मुलाने मोबाइलवर ऐकलेला अभंग पूर्ण कसा आहे, हे त्याला गाथा उघडून दाखविणारे कोणी घरात असावे. सप्ताहाचे सातही दिवस मंडप उभा असतो, गायक-वादक गावात मुक्कामाला असतात, आणि दुपारची वेळ बहुतेक झोपेत जाते. तेवढ्या वेळात दहा मुलांच्या हाती टाळ देऊन एक पारंपरिक चाल बसविता येते. मुलाला हवे असेल तर त्याने गिटारही आणावी. मृदंगाचा स्वर लावताना तिची सोबत होईल की अडचण, ते बुवांनी त्याच्यासमक्षच ठरवावे.