शेण पाहायला कोण जातं?

तर सध्या आमच्याकडे सहलीचं नियोजन चालू आहे. ताई, भाऊजी आणि भाचेकंपनी दिवाळीला पुण्याहून चंद्रपूरला येणार. भाऊजींचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे (जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी: हा माणूस भाजी आणायला जातानाही तक्ता करतो). तर त्यांचा तक्ता आला. पहिला दिवस आराम. दुसरा दिवस ताडोबा, सकाळची सफारी. तिसरा दिवस... इथे माझं डोकं फिरलं. तिसऱ्या दिवशी नागपूरच्या वाटेवर नवीनच उघडलेलं एक थीम पार्क. तिथे म्हणे डायनासोर आहेत. फायबरचे. मान हलवतात, डोळे मिचकावतात, जवळ गेलं की ओरडतात. एकाच्या तोंडातून पाण्याची पिचकारीसुद्धा येते.

पार्कचं नाव लिहीत नाही. त्यांचं काही चुकलेलं नाही, ते त्यांचा धंदा करतात आणि पोरांना मजा येते. माझं भांडण आपल्याशी आहे. तुमच्याशी, माझ्याशी, ताईशी आणि विशेषतः मोठ्या वहिनीशी. वहिनी हे वाचणार आणि संध्याकाळी फोन करणार, हे गृहीत धरूनच लिहितोय.

कारण मी ग्रुपवर एवढंच लिहिलं होतं, "डायनासोरच पाहायचे तर पिसदुऱ्याला जाऊ. नाहीतर एक दिवस वाढवून सिरोंच्याला." त्यावर वहिनींचं उत्तर आलं : "तिकडे काय आहे पाहायसारखं? काहीही सांगून राहिले भाऊजी."

काय आहे? ठीक आहे, सांगतो.

सिरोंचा तालुक्यात पोचमपल्ली नावाचं गाव आहे. त्याच्या परिसरात १९५८ ते १९६१ या काळात कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी जमीन उकरली. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हताच (तो १९८२ मध्ये झाला), सगळा चांदाच. खोदायला सुरुवात झाली तेव्हा आपण मुंबई राज्यात होतो आणि संपलं तेव्हा महाराष्ट्रात! त्यांना तिथे सुमारे तीनशे हाडं मिळाली. निदान सहा प्राण्यांची, आणि सोबत मोठमोठ्या झाडांचे दगड झालेले बुंधे. आता संख्याशास्त्राच्या संस्थेला हाडं कशाला हवी होती असं कोणी विचारेल. तर ती संस्था काढणाऱ्या प्रशांतचंद्र महालनोबिसांना कशातही रस होता आणि त्यांनी पामेला रॉबिन्सन या ब्रिटिश बाईंना मार्गदर्शनाला बोलावून घेतलं होतं. (असे संस्थाचालक आता कुठे मिळतात? असो.)

त्या प्राण्याला १९७५ साली रीतसर नाव मिळालं. बारापासॉरस टागोराय. खोदकाम संपलं ते १९६१ हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं, म्हणून टागोर. आणि बंगालीत 'बडा पा' म्हणजे मोठा पाय, म्हणून बारापा. मी भाच्याला फोनवर हे नाव सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, त्याला बारा पाय होते?" नव्हते रे बाबा, चारच होते, पण मोठे होते. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत चौदा मीटरच्या आसपास. वय म्हणाल तर अठरा कोटी वर्षांच्या घरातलं. एवढा जुना आणि एवढ्या जास्त हाडांनिशी सापडलेला लांब मानेचा डायनासोर जगात फार ठिकाणी नाही. त्याचा सांगाडा १९७७ पासून कोलकात्यात उभा आहे. मूळ हाडांचा. डोकं मात्र सापडलं नाही, दातच तेवढे मिळाले.

त्याच तालुक्यात प्राणहितेच्या काठावर कोटा नावाचं लहानसं गाव आहे. या गावावरून तिथल्या खडकांच्या थरांना जगभर 'कोटा फॉर्मेशन' म्हणतात. नदीच्या पलीकडे त्याच थरांत आणखी एक डायनासोर सापडला, त्याचं नाव कोटासॉरस. १९८८ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि तो २००० सालापासून हैदराबादच्या बिर्ला सायन्स सेंटरमध्ये दिमाखात उभा आहे. आपल्या भागातून हैदराबादला गेलेले लोक चारमिनार पाहतात, बिर्याणी खातात, पोरांना तो सांगाडाही दाखवतात. त्याच्या नावातलं 'कोटा' आपल्या सिरोंच्याजवळचं आहे हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असतं?

बरं, सिरोंचा लांब आहे. मान्य. चंद्रपूरहून दोनशे किलोमीटरच्या वर, आणि आलापल्लीच्या पुढच्या रस्त्याने कित्येक वर्षं लोकांच्या कमरेचे काय हाल केले ते त्या बाजूच्या मंडळींना विचारा. पण पिसदुरा? वरोरा तालुक्यात आहे. आनंदवनाला जातो की नाही आपण दर पाहुण्याला घेऊन? तिथून थोडं पुढे. डोंगरगावही त्याच तालुक्यात. डोंगरगावच्या टेकडीवर १९८४ ते १९८६ मध्ये एका डायनासोरचा बराचसा सांगाडा मिळाला. १९९७ मध्ये त्याचं वर्णन झालं आणि २००३ मध्ये त्याला इसिसॉरस हे स्वतंत्र नाव मिळालं. 'इसि' म्हणजे तीच, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. शोधणारे ते, त्यांनी स्वतःचं नाव दिलं तर तक्रार कसली? आपण शोधला असता तर वरोरासॉरस म्हणालो असतो.

आणि आता पिसदुरा. इथे मला जरा सावकाश बोलू द्या.

पिसदुऱ्याच्या शेतांतून जीवाश्म मिळतात हे दीडशेहून जास्त वर्षांपासून माहीत आहे. नागपूरला ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप पाद्री होते, पण डोळा दगडांवर. पिसदुऱ्याचे जीवाश्म त्यांनी गोळा केले. १८६३ मध्ये नागपूरजवळच एका ओढ्याच्या पुरात ते बुडून गेले. पुढे इंग्रज भूगर्भवाले येत राहिले. हाडं मिळालीच, पण हाडांपेक्षा गमतीची एक गोष्ट मिळाली. शेण. होय, डायनासोरचं शेण, दगड झालेलं. लिंबाएवढे, पेरूएवढे, काही त्याहून मोठे गोळे. शास्त्रात त्यांना कोप्रोलाइट म्हणतात.

हे शेण सात कोटी वर्षांच्या आसपासचं. २००५ साली भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांच्या एका गटाने ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं. गवताच्या पानांत वाळूसारखे सिलिकाचे अगदी बारीक कण असतात. हिरवं गवत कापताना बोट कापतं ते त्यांच्यामुळेच. प्रत्येक जातीच्या कणांचा आकार वेगळा असतो आणि पान कुजलं तरी कण टिकतात. हे कण त्या शेणात सापडले, तेही निदान पाच प्रकारच्या गवतांचे. भाताच्या आणि बांबूच्या गोतावळ्यातल्या गवतांचेही. तोपर्यंतचा समज असा होता की डायनासोर गेले आणि गवतं त्यानंतर खऱ्या अर्थाने पसरली. पुस्तकांतल्या चित्रांत डायनासोरच्या पायाशी गवत काढायचं नाही असा जवळजवळ नियम होता. तो नियम पिसदुऱ्याच्या शेणाने मोडला. 'सायन्स' या नियतकालिकात तो निबंध छापून आला, जगभर बातम्या झाल्या.

म्हणजे बघा. ज्या दोन जिल्ह्यांत भात हेच अर्ध्या लोकांचं जेवण आणि बांबू हे अर्ध्या लोकांचं पोट, तिथल्याच एका शेतातल्या शेणाने भाताच्या आणि बांबूच्या पूर्वजांची बातमी जगाला दिली. आणि आम्ही विचारतो, तिकडे काय आहे पाहायसारखं.

आता वहिनींची बाजूही लिहितो, नाहीतर अन्याय होईल. मी स्वतः पिसदुऱ्याला गेलोय. दोनदा. खरं सांगायचं तर पाहायसारखं खरंच काही दिसत नाही. शेत आहे, धुरा आहे, बाभळी आहेत. ऊन आहे, ते भरपूर. पहिल्यांदा गेलो तेव्हा धुऱ्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं, इथे ते दगड कुठे मिळतात? तो म्हणाला, "कोणते? ते लोक घेऊन जाते ते? हे का, तुमच्या पायाखालीच हाय." आणि खरंच, पायाखालीच होते. वखराच्या आड येतात म्हणून त्याने आयुष्यभर ते वेचून बांधावर टाकले होते. त्याला दोष द्यायची माझी हिंमत नाही. कोणी सांगितलं त्याला? मी त्याच तालुक्यातल्या शाळेत दहावीपर्यंत शिकलो. आम्हाला टी-रेक्सचं चित्र काढायला लावलं होतं, अमेरिकेतल्या. पिसदुऱ्याचा प सुद्धा कोणी काढला नाही. आणि मास्तरांना तरी कोणी सांगितलं होतं?

मुद्दा हाच आहे की 'पाहायसारखं' हे आपोआप उगवत नाही, ते कोणीतरी करावं लागतं. गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोली गाव आहे. तिथे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हाडं आणि अंडी सापडली, २००३ मध्ये राजासॉरस हे नाव जाहीर झालं आणि २०१९ मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. जागेवर. ज्या मातीत हाडं मिळाली त्या मातीशेजारी. आणि गंमत ऐका, आपल्या महाराष्ट्रात खोपोलीजवळ इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं, त्यात नावेत बसून करायची एक राइड आहे, तिचं नाव राजासॉरसवरून ठेवलंय! म्हणजे मराठी पोरांना गुजरातचा डायनासोर नावानिशी पाठ, आणि आपले दोन कोलकात्याला जाऊन मुक्कामाला राहिलेत त्यांची ओळखही नाही.

इथे काही जण लगेच बाह्या सरसावतील की आमची हाडं परत द्या. नको. मनापासून सांगतो, नको. त्या लोकांनी ती खोदली, जपली, जोडली, त्यांच्यावर आयुष्यं घालवली. इथे राहिली असती तर कुठल्या गोदामात आणि कुठल्या पोत्यात, याची कल्पना करवत नाही. मला हवं आहे ते फार कमी आहे. बारापासॉरसच्या एका पायाचा साचा काढून चंद्रपुरात ठेवा, पोरांना त्याच्या शेजारी उभं राहून आपण कुठपर्यंत येतो ते पाहू द्या. पिसदुऱ्यात एक खोली, त्यात चार दगड, एक सूक्ष्मदर्शक, आणि गावातलाच एक शिकवलेला पोरगा किंवा पोरगी. ताडोब्यात गावातले तरुण गाइड झालेच ना? पगमार्क पाहून वाघीण कोणती हे सांगतात ते. दगड ओळखणं त्याहून अवघड नाही. सिरोंच्यात वनखात्याने वडधमला जीवाश्मांचं पार्क केलं आहे, झाडांचे दगडी बुंधे आहेत तिथे. म्हणजे सुरुवात कुठेतरी आहे.

आणि हे लवकर व्हायला हवं, कारण दगड संपतात. धुऱ्यावरचा म्हातारा म्हणाला ते विसरू नका : लोक घेऊन जाते. कोणी कुतूहलाने, कोणी शोकेससाठी, कोणी विकायला. हाड खडकात रुतलेलं असतं, ते नेणं कष्टाचं. गोळा खिशात मावतो.

पण माझी खरी भीती वेगळीच आहे. उद्या कोणाच्या तरी मनात येईल आणि पिसदुऱ्याच्या त्याच धुऱ्यावर मुरूम टाकून, सिमेंटचा चबुतरा बांधून, हिरव्या ऑइलपेंटमधला टी-रेक्स उभा करतील. अमेरिकेतला. तोंड उघडणारा. शेजारी सेल्फी पॉइंट आणि कारंजं. खालचे खरे गोळे मुरमात जातील आणि वर खोटा ओरडत राहील. मग वहिनी म्हणतील, आता कसं पाहायसारखं झालं! (वहिनी, रागावू नका. तुमच्या पुरणपोळ्यांसाठी मी हा सगळा लेख मागे घ्यायला तयार आहे, फक्त हा परिच्छेद सोडून.)

ताडोब्याबद्दलही एक बोलून घेतो. वाघामुळे आपल्या जिल्ह्याचं नाव झालं, चार पैसे आले, चांगलं झालं. पण वाघ दिसला नाही तर लोक 'पैसे वाया गेले' म्हणतात, तेव्हा मला ते फायबरचे डायनासोर आठवतात. ते कसे, तिकीट काढलं की ओरडणारच. एकदा ही सवय लागली की खरं जंगलही कंटाळवाणं वाटतं, मग शेताची काय कथा. भाच्याला ही सवय लागण्याआधी मला त्याला एकदा शेतात न्यायचं आहे, एवढाच माझा स्वार्थ.

तर वाटाघाटी झाल्या. काल रात्री भाऊजींनी सुधारलेला तक्ता पाठवला. शनिवारी थीम पार्क (मीही जाणार, पिचकारी मारणाऱ्याला पाहायची मला उत्सुकता आहेच). रविवारी सकाळी सहा वाजता पिसदुरा, येताना डोंगरगावची टेकडी, अकराच्या आत परत, कारण ऊन. डबा ताईचा, पाण्याचा कॅन माझा. अट एकच, दगड हातात घेऊन पाहायचा आणि होता तिथेच ठेवायचा. भाच्याला अट मान्य आहे. सात कोटी वर्षांपूर्वीचं शेण हातात मिळणार म्हटल्यावर तो थीम पार्क रद्द करा म्हणायला लागला होता, त्याला मीच समजावलं. त्याचा एक प्रश्न तेवढा राहिला आहे : त्याला अजून वास येतो का?