अनुदान शेडला नको, हातांना द्या

गावच्या कचऱ्यासाठी पैसे मागितले की एक उत्तर ठरलेलं असतं: गाडगेबाबांनी कोणतं अनुदान घेतलं होतं? हातात खराटा घेतला, गाव झाडलं आणि रात्री कीर्तन केलं. भंडारा जिल्ह्यात हे उत्तर चावडीवर ऐकू येतं, पंचायत समितीच्या सभेत ऐकू येतं आणि शिकलीसवरलेली माणसंही त्यावर मान डोलावतात. त्यात बाबांविषयीचा खरा आदर आहे, म्हणून ते खोडायला जीभ रेटत नाही. तरी ते खोडलं पाहिजे. त्याच्या आडोशाने आपल्या नाल्या, बोड्या आणि बांध्या प्लॅस्टिकने भरत चालल्या आहेत.

गाडगेबाबा १९५६ साली गेले. आयुष्यभर त्यांनी जो कचरा झाडला तो पालापाचोळा, शेण, राख, उष्टंखरकटं असा होता. खराट्याने एका जागी आणला की तो उकिरड्यावर जायचा आणि वर्षभरात खत होऊन शेतात परतायचा. झाडणं हेच निम्मं काम होतं, उरलेलं निम्मं माती करत असे. आपल्याच विदर्भातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी, म्हणजे नाडेपकाकांनी, विटांच्या जाळीदार टाक्यात खत करण्याची जी पद्धत दिली तीही याच कुजणाऱ्या कचऱ्यासाठी. तेवढाच कचरा आज असता तर मीही म्हटलं असतं की खराटा पुरे, अनुदान कशाला?

पण आज कोणत्याही पानठेल्यावर जरा वेळ उभं राहून पाहा. ठेलेवाला पन्नीचा तुकडा घेतो, त्यावर सुपारी, तंबाखू, चुना टाकतो, घोटून घोटून खर्रा करतो आणि पुडी बांधून हातात देतो. खर्रा खाऊन संपतो तिथेच पन्नी पडते. तिला वजन नाही, तिच्यावर कोणत्या कंपनीचं नाव नाही. पहिल्या पावसात ती नालीत जाते, नालीतून बोडीत, बोडीच्या पाण्याबरोबर बांधीत. रोवणी करणाऱ्या बायांच्या बोटांना चिखलात रोपाआधी ती लागते. तिच्या सोबतीला कुरकुऱ्यांची, बिस्किटांची, शाम्पूची पाकिटं असतात. खराट्याने हे सगळं गोळा होईल, पण गोळा करून न्यायचं कुठे? उकिरड्यावर ते कुजत नाही आणि कबाडी ते घेत नाही. मग दिवस मावळताना पाल्यासोबत त्याला काडी लागते आणि तो धूर घराघरांत शिरतो. ज्या गावात रोज झाडलोट होते त्या गावातही हेच होतं. म्हणून हा आळसाचा प्रश्न नव्हे.

आता कबाडी काय घेत नाही याच्याकडे नीट बघू, कारण प्रश्नाची गाठ तिथेच आहे. भंडारा पितळी भांड्यांचं गाव. फुटका तांब्या, चेपलेली परात आपल्याकडे कोणी नालीत फेकली नाही. ती मोडीत गेली, वितळली आणि नवं भांडं होऊन परत आली. त्यासाठी कधी जनजागृतीची फेरी काढावी लागली नाही की शाळेत प्रतिज्ञा घ्यावी लागली नाही. मोडीला भाव होता एवढंच. आजही लोखंड, रद्दी, पाण्याच्या बाटल्या रस्त्यावर फार काळ टिकत नाहीत, कबाडी त्या उचलून नेतोच. मागे उरतं ते ज्याला भाव नाही ते. बाजार ज्याला हात लावत नाही ते उचलण्याचे पैसे बाजाराबाहेरून आले पाहिजेत. कचऱ्यासाठी अनुदान मागण्याचं माझं कारण हे एवढंच आहे.

यावर दुसरा आक्षेप येतो आणि तो पहिल्यापेक्षा दमदार आहे. पैसे आहेतच की! स्वच्छ भारत मिशनचा ग्रामीण टप्पा दोन २०२० मध्ये मंजूर झाला, त्यात घनकचऱ्याला निधी आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींना जे दिलं त्यातला ३० टक्के भाग स्वच्छतेसाठीच बांधून दिला. तोच अखर्चित राहत असेल तर आणखी कशाला मागता?

हिशेब मांडू. पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला या मिशनमध्ये घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये आहेत, सांडपाण्यासाठी माणशी २८०. दोन हजार वस्तीच्या गावाला कचऱ्यासाठी १ लाख २० हजार मिळतात, आणि तेही एकदाच. पाच वर्षांवर पसरले तर महिन्याला २,००० रुपये, म्हणजे माणशी एक रुपया. एवढ्यात काय येतं? एक शेड येते, एक तीनचाकी सायकल येते, दोन रंगांचे डबे येतात. अशी शेड आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. वर टिनाचं छत, ओल्या-सुक्याचे दोन कप्पे, भिंतीवर योजनेचं नाव, रक्कम आणि वर्ष रंगवलेलं. आत डोकावलं तर तणसाचे भारे रचलेले, सायकलची चेन गंजलेली. गावाला दोष देणं सोपं आहे. पण ती सायकल रोज सकाळी घरोघर कोणी ओढायची आणि ओढणारीला महिन्याकाठी काय द्यायचं, याचा रकानाच अंदाजपत्रकात नव्हता. पैसा वस्तूला मिळाला, कारण वस्तूची मोजमाप पुस्तिका भरता येते, फोटो काढता येतो, उपयोगिता प्रमाणपत्र जोडता येतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं हे झालं.

वित्त आयोगाच्या निधीतही हीच अडचण वेगळ्या वाटेने येते. अबंधित निधी पगार आणि आस्थापनेवर खर्चायचा नाही, असा दंडक आहे. बंधित निधीत घरगुती कचऱ्याचं व्यवस्थापन स्पष्ट शब्दांत बसतं, तरीही महिन्याचं मानधन लिहायची वेळ आली की ग्रामसेवकाला लेखापरीक्षणाचा आक्षेप दिसू लागतो. त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही. वसुली निघाली तर ती त्याच्या पगारातून होईल. सिमेंटची नाली बांधली तर कोणी विचारत नाही. त्यामुळे पैसा अखर्चित राहतो किंवा सिमेंटमध्ये जातो, आणि मग तोच अखर्चित पैसा आपल्याला पुरावा म्हणून दाखवला जातो की बघा, पैशाची गरजच नाही.

कायदा कडक करा, असं म्हणणाऱ्यांना थोडक्यात उत्तर देता येईल. राज्याने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी घातली, पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड ठेवला. गुटख्यावर तर २०१२ पासून बंदी आहे. या दोन्ही बंद्यांचं गावात काय झालं ते वाचकाला सांगायला नको. शिवाय चिप्सच्या आणि बिस्किटांच्या पाकिटांवर बंदी नाहीच, ती कायद्याने विकली जातात आणि कायद्याने रस्त्यावर येतात.

संस्था पैसे खातात, हा आक्षेप मात्र मला झटकून टाकवत नाही. खातात, काही संस्था खरोखर खातात. प्रशिक्षणाच्या नावाखाली जेवणावळी होतात, पत्रकं छापली जातात, एक दिवस हातमोजे घालून फोटो निघतात. पण याचा अर्थ अनुदान बंद करावं असा होत नाही. अनुदान कशावर द्यायचं ते बदलावं असा होतो. सभेवर देऊ नका, पत्रकावर देऊ नका, उचललेल्या किलोवर द्या. काट्यावर कचरा चढला तर पैसा, नाही चढला तर नाही. वजनाची वही ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली की खोटं लिहिणं अवघड होतं. कोणाच्या घरून काय गेलं हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं.

मला हवं असलेलं अनुदान असं आहे. दोन हजार वस्तीचं, साधारण चारशे घरांचं गाव धरा. बचत गटातल्या दोन बायांना रोज अर्ध्या दिवसाचं काम, महिन्याला प्रत्येकी ४,००० रुपये पडतील असा किलोचा दर. वर्षाला ९६,००० रुपये. आता दुसऱ्या बाजूने मोजा. चारशे घरांनी महिन्याला वीस रुपये दिले तर महिन्याचे ८,००० होतात, वर्षाचे तेच ९६,०००. म्हणजे गाव हा खर्च स्वतः पेलू शकतं. पण गाडी दारात यायच्या आधी वीस रुपये कोणी देत नाही, आणि का द्यावेत? आधी सेवा दिसली पाहिजे. म्हणून पहिल्या वर्षी पूर्ण अनुदान, दुसऱ्या वर्षी दोन तृतीयांश, तिसऱ्या वर्षी एक तृतीयांश. तीन वर्षांचे मिळून १ लाख ९२ हजार. चौथ्या वर्षी सरकारने हात काढून घ्यावा, गाव चालवेल.

हे हवेतलं नाही. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ साली उभी राहिली आणि २००८ मध्ये त्यांच्याच मालकीच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी पाच वर्षांचा करार केला. महापालिकेने जागा, साधनं आणि व्यवस्थापनाला आधार दिला, घरोघरच्या शुल्कातून वेचकांची कमाई झाली. पुण्याचा पैसा आपल्याकडे नाही, हे मान्य. पण वेंगुर्ल्याकडेही नव्हता. कोकणातल्या त्या छोट्या नगर परिषदेने कचरा बारीक वर्गवारीने वेगळा केला आणि जिथे ढीग पेटत होते ती जागा लोकांनी पाहायला यावी अशी केली. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात भास्करराव पेरे पाटलांनी कर भरणाऱ्याला दळण फुकट दिलं आणि वसुली उभी केली. आधी देणारं गाव नंतर मागू शकतं, हे तिथे दिसलं.

पन्नी आणि पाकिटं उचलली तरी जातील कुठे, हा प्रश्न राहतो. मिशनमध्ये प्रत्येक तालुक्याला प्लॅस्टिक केंद्रासाठी १६ लाखांपर्यंत तरतूद आहे. भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी असे आपले सात तालुके, म्हणजे जास्तीत जास्त १ कोटी १२ लाख. गठ्ठे बांधणारं यंत्र तिथे चालू असलं पाहिजे, नाहीतर गाडीभर पाकिटं म्हणजे गाडीभर हवा, आणि हवेचं भाडं देऊन नागपूर गाठणं कोणालाच परवडत नाही. ज्याचं नवं काही होत नाही ते सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातं, आणि अशा भट्ट्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात आहेत. तिथवरचं भाडं हा या साखळीतला सर्वांत मोठा खर्च ठरेल. तो खर्च गावाने का करावा? ज्यांनी ती पाकिटं बनवून विकली त्यांनी करावा. केंद्राच्या फेब्रुवारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर तशी जबाबदारी टाकली आहे. पण ते नोंदणीकृत प्रक्रियादारांकडून प्रमाणपत्रं घेऊन ती पुरी करू शकतात. प्रमाणपत्र देशात कुठल्याही कोपऱ्यातलं चालतं, आणि लाखांदूरच्या नालीतलं पाकीट तिथेच राहतं. जिल्ह्यात विकलेल्या मालाचा वाटा जिल्ह्यातच खर्च झाला पाहिजे, ही मागणी आपल्या आमदार-खासदारांनी लावून धरावी.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो: नागपूरची घाण नाग नदीतून, कन्हानमधून आपल्या वैनगंगेत येते, गोसेखुर्दच्या पाण्यात साचते, तिथे आपल्या दोन पन्न्यांनी काय फरक पडणार? राग रास्त आहे. भंडाऱ्याच्या नळाला येणारं पाणी त्याच वैनगंगेचं आहे आणि तो अन्याय रोजचा आहे. पण नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी सुमारे १,९२७ कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी मिळते आणि तिच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या गावाला कचऱ्यासाठी माणशी ६० रुपये मिळतात, यातून मी उलट निष्कर्ष काढतो. आपण आजवर कमी मागितलं. आणि नागपूरकडे बोट दाखवताना आपल्या काठावरच्या पन्न्या आपल्याविरुद्ध साक्ष देणार नाहीत, याची काळजीही आपणच घ्यायची आहे.

२००० साली ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांच्या काळात सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानाने लोक घराबाहेर काढले, श्रमदानाचे डोंगर उभे केले. ते श्रेय निर्विवाद आहे. पण ती स्पर्धा होती. तपासणी समिती जाते, बक्षीस मिळतं किंवा हुकतं, आणि सोमवारी सकाळी पुन्हा कचरा पडतो. त्या सोमवारी येणाऱ्या बाईला मोबदला हवा. श्रमदान वर्षातून चार दिवस मागता येतं. रोज मागितलं तर ती वेठ होते, आणि ती वेठ कोणत्या घरातल्या बाईच्या वाट्याला येते हे आपल्याला चांगलं माहीत आहे.

म्हणून वाचकांना एकच विनंती आहे. येत्या ग्रामसभेत विकास आराखडा वाचला जाईल तेव्हा स्वच्छतेचं पान उघडायला सांगा. त्यात शेड किती, डबे किती, नाली किती मीटर, हे सगळं असेल. उभे राहा आणि विचारा, कचरा उचलणाऱ्या बायांना महिन्याला किती? तो आकडा इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय आराखड्याला हात वर करू नका.