यादीबाहेरचे कोयते

आज २५ जानेवारी, राष्ट्रीय मतदार दिन. शाळाशाळांतून प्रतिज्ञा होतील, नव्या मतदारांना ओळखपत्रं मिळतील. सोलापूर जिल्ह्यातल्या श्रीपूरच्या शिवारात याच वेळी ऊसतोड ऐन भरात असेल, आणि पहाटेपासून फडात वाकलेल्या नवरा-बायकोंपैकी बहुतेकांची नावं इथल्या मतदारयादीत नसतील.

श्रीपूरला मताची किंमत कळत नाही, असं कोण म्हणेल? इथल्या सहकारी साखर कारखान्यात एकरभर उसाच्या सभासदाला आणि मोठ्या बागायतदाराला मत एकच. म्हणून तर निवडणूक जवळ आली की पुढाऱ्यांना लहान शेतकऱ्याचा बांध आठवतो. महाळुंग-श्रीपूर नगरपंचायतीची पहिली निवडणूक २०२१-२२च्या हिवाळ्यात झाली, तेव्हा निम्म्या जागा महिलांसाठी राखीव होत्या. बाई निवडून येते आणि बैठकीला नवरा जाऊन बसतो, हे महाराष्ट्राला नवं नाही. तरी सही तिचीच लागते, आणि सही करता करता माणूस कागद वाचायला लागतो.

ऊसतोड मजुरांनाही मतानं बरंच दिलंय, पण ते त्यांच्या गावाकडे, बीडसारख्या जिल्ह्यांत. बीडचं राजकारण त्यांच्या मतांवर फिरतं, म्हणून गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ उभं राहिलं, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याचं ठरलं, मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आली. ऊसतोड मजुराचा मुलगा असलेले राम सातपुते २०१९ मध्ये माळशिरसच्या राखीव मतदारसंघातून आमदार झाले. पक्ष कोणताही असो, पन्नास वर्षांपूर्वी या भागात हे कुणाच्या मनातही आलं नसतं.

मात्र मजूर वर्षातले पाच-सहा महिने राहतो इथं कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत. तिथलं पाणी, संडास, पोरांची शाळा ज्यांच्या हाती, त्यांना त्याच्या मताची गरज नाही. मग कोपीसमोरचा नळ जाहीरनाम्यात येणार कशाला? हंगामात मतदान आलं, तर तो गावी जाऊन मत देतो खरा, पण रोज बुडवून आणि बहुधा उमेदवारानं पाठवलेल्या गाडीतून. अशा मताला मोकळं कसं म्हणायचं?

स्थलांतरितांना असतील तिथून मत देता यावं म्हणून निवडणूक आयोगानं जानेवारी २०२३ मध्ये दूरस्थ मतदान यंत्र पक्षांपुढे ठेवलं. पक्षांनी शंका काढल्या, विषय मागे पडला. शंका खऱ्या असतील, तर त्या मिटवायला बसा. यंत्र नको असेल, तर टपाली मत द्या. सैनिकाला ते मिळतंच.

तेही होईपर्यंत निदान गाळपाच्या आणि मतदानाच्या तारखा तरी जुळवा. २०२४ मध्ये गाळप १५ नोव्हेंबरपासून ठरलं आणि विधानसभेचं मतदान होतं २० तारखेला. नोव्हेंबरात साखरेचा उतारा तसाही कमीच असतो. धुराडं पाच दिवस उशिरा पेटलं असतं, तर कारखान्यांचं फारसं काही अडलं नसतं.