झापोरिझियाच्या सगळ्या अणुभट्ट्या बंद आहेत, मग भीती कसली?

23 सप्टेंबर 2025 ला युक्रेनमधल्या झापोरिझिया अणुऊर्जा प्रकल्पाला बाहेरून होणारा वीजपुरवठा तुटला. तो पूर्ववत व्हायला एक महिना लागला. तोवर प्रकल्पाची सगळी मदार डिझेल जनरेटरवर होती.

मार्च 2022 पासून रशियाच्या ताब्यात असलेला हा युरोपातला सर्वांत मोठा अणुऊर्जा प्रकल्प. पण सप्टेंबर 2022 पासून इथल्या सहाही अणुभट्ट्यांमध्ये वीजनिर्मिती बंद आहे. मग बंद प्रकल्पाला विजेची एवढी गरज का?

अणुभट्टी चालते कशी?

युरेनियम-235 च्या केंद्रकावर न्यूट्रॉन आदळला की ते दुभंगतं. त्यातून उष्णता आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात. ते आणखी केंद्रकं फोडतात आणि साखळी सुरू राहते. याला विखंडन म्हणतात. या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि वाफेवर टर्बाइन फिरतं.

ही साखळी तोडता येते. न्यूट्रॉन शोषून घेणाऱ्या कांड्या आत सोडल्या की काही सेकंदांत विखंडन थांबतं.

मग बंद भट्टीत उष्णता कुठून येते?

केंद्रक फुटल्यावर मागे आयोडीन, सीझियम, स्ट्रॉन्शियम अशी मूलद्रव्यं उरतात. त्यांच्यातले बरेच अणू अस्थिर असतात. स्थिर होईपर्यंत ते कण आणि किरण बाहेर टाकत राहतात. हाच किरणोत्सारी ऱ्हास. त्यातूनही उष्णता निघते आणि ती थांबवणारं कोणतंही बटण नाही.

भट्टी बंद केल्याक्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या साधारण 6 ते 7 टक्के असते. दिवसभरात ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. हा आकडा किरकोळ वाटेल. पण झापोरिझियाची एक भट्टी पूर्ण क्षमतेने चालताना सुमारे 3,000 मेगावॉट उष्णता तयार करते. त्याचा अर्धा टक्का म्हणजे 15 मेगावॉट. दोन किलोवॉटचे साडेसात हजार गिझर एकाच वेळी सुरू ठेवण्याइतकी ही उष्णता झाली. ती वाहून न्यायला पाणी लागतं, पाणी फिरवायला पंप लागतात आणि पंपांना वीज.

वीज नसेल तर काय होतं?

याचं उत्तर जपानमधल्या फुकुशिमाने दिलं. 11 मार्च 2011 ला भूकंप होताच तिथल्या चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या आपोआप बंद झाल्या. बाहेरची वीज गेली, पण जनरेटर सुरू झाले. सुमारे 50 मिनिटांनी आलेल्या त्सुनामीच्या पाण्याने ते बंद पडले. इंधनाला थंडावा मिळेना आणि तिन्ही भट्ट्यांमधलं इंधन वितळलं. तेव्हा विखंडन केव्हाच थांबलेलं होतं.

झापोरिझियाचं फुकुशिमा होईल का?

लगेच तसं होण्याची शक्यता कमी आहे, कारण मधे बराच काळ गेला आहे. आयोडीन-131 चं अर्धायुष्य 8 दिवस आहे, म्हणजे दर 8 दिवसांनी ते निम्मं होतं. 80 दिवसांत त्याचा जेमतेम हजारावा भाग उरतो. तीन वर्षांत ते जवळपास संपलं. उष्णताही खूप घटली आहे. त्यामुळे पंप बंद पडले, तर दुरुस्तीसाठी काही तास नव्हे, बरेच दिवस हाताशी असतील.

पण सीझियम-137 चं अर्धायुष्य सुमारे 30 वर्षं आहे. तीन वर्षांत त्याचा दहावा भागही कमी झालेला नाही. इंधन उघडं पडलं तर तेच मोठ्या परिसरात पसरू शकतं.

आता लक्ष कशाकडे ठेवायचं?

रशियाला हा प्रकल्प पुन्हा सुरू करायचा आहे. पण ज्या जलाशयातून त्याला पाणी मिळायचं, तो जून 2023 मध्ये काखोव्का धरण फुटल्यावर रिकामा झाला. सध्या विहिरींच्या पाण्यावर भागतं, ते भट्ट्या बंद आहेत म्हणून. त्या पुन्हा पेटल्या तर आयोडीन नव्याने तयार होईल, उष्णता पुन्हा वाढेल आणि तीन वर्षांत मिळालेली सवड हातातून जाईल. त्यामुळे युद्धभूमीवरच्या या प्रकल्पाबाबत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, की भट्ट्या बंदच राहणार का?