वाटाड्यांचा वाटा

१९८९ सालच्या फेब्रुवारी महिन्यात गोव्यातील एका तरुणास पोलिसांनी ताब्यात घेतले आणि पूर्वी क्षयरोग्यांसाठी वापरात असलेल्या एका ओसाड रुग्णालयात नेऊन कोंडले. त्याचा अपराध एवढाच की, तो रक्तदान करीत असे आणि त्याने दिलेल्या रक्तात एच.आय.व्ही.चा विषाणू आढळला होता! डॉमिनिक डिसूझा हे त्याचे नाव. ६४ दिवस त्याने त्या बंदिवासात काढले. सुटका झाल्यावर तो तोंड लपवून बसला असता, तर त्यास कोणी दोष दिला नसता. पण तो लोकांपुढे उभा राहिला, आपले नाव आणि आपला आजार न लपविता बोलला, आणि १९९२ साली मृत्यूने गाठण्यापूर्वी त्याने ‘पॉझिटिव्ह पीपल’ या संस्थेचा पाया घातला. समाजाने ज्याला रोगाचा प्रसारक म्हणून कोंडले, तोच रोगप्रतिबंधाचा पुढारी झाला.

ही घटना आज पुन्हा सांगण्याचे कारण आहे. शासनाच्याच अंदाजानुसार २०२३ साली देशात एच.आय.व्ही.बाधितांची संख्या पंचवीस लाखांच्या घरात होती, आणि त्या एका वर्षात सुमारे ६८ हजार जणांना नव्याने लागण झाली. २०१० च्या मानाने नव्या लागणीचे प्रमाण पुष्कळच घटले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु हे यश कोणाचे, असा प्रश्न केला तर आपण औषधांकडे, डॉक्टरांकडे आणि शासनाकडे बोट दाखवितो. त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. तथापि ज्यांच्यावाचून यांतील एकही औषध योग्य माणसापर्यंत पोहोचले नसते, त्यांचे नाव मात्र आपल्या तोंडी येत नाही.

सांगलीचे उदाहरण आपल्या घरचे आहे. तेथे १९९२ साली ‘संग्राम’ या संस्थेने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये काम सुरू केले. निरोध वाटण्याचे आणि त्याचा वापर समजावून सांगण्याचे काम बाहेरच्या कोणा समाजसेविकेने नव्हे, तर त्या वस्तीतील स्त्रियांनीच अंगावर घेतले. त्यातूनच १९९६ साली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. कलकत्त्याच्या सोनागाछीतही १९९२ साली डॉ. स्मरजित जाना यांनी हाच मार्ग पत्करला; आणि पुढे तेथील स्त्रियांच्या ‘दुर्बार’ या संघटनेने त्या योजनेचा कारभारच आपल्या हाती घेतला. आईच्या व्यवसायावरून ज्यांची शाळेत हेटाळणी होते, त्या सोनागाछीच्या मुलांनीही आपली एक संघटना काढली आहे. तिचे नाव ‘आमरा पदातिक’, म्हणजे ‘आम्ही पायदळाचे शिपाई’.

या नावातच आजच्या प्रश्नाचे मर्म आहे. ज्या गल्लीत सरकारी माणूस दिवसाही पाऊल टाकावयास कचरतो, तेथे रात्री कोण नवे आले, कोण घाबरले आहे, कोणाची चाचणी राहिली आणि कोणी गोळ्या मध्येच सोडल्या, हे तेथे वाढलेल्या मुलास ठाऊक असते. घराने हाकलून दिलेला सोळा वर्षांचा तृतीयपंथी मुलगा दवाखान्याची पायरी चढत नाही. पण त्याच वाटेने आलेल्या, चार वर्षांनी मोठ्या सोबत्याचे तो ऐकतो. सुईने नशा करणारा तरुण उपदेशकाला टाळतो. पण ती सवय सोडलेल्या मित्रापासून तोंड फिरवीत नाही. विश्वास ही वस्तू जाहिरातीने निर्माण होत नाही. ज्याचे जळते त्यालाच कळते, आणि ज्याला कळते त्याचेच ऐकले जाते.

मग या तरुणांना आम्ही काय दिले? राष्ट्रीय कार्यक्रमात त्यांना ‘समवयस्क शिक्षक’ असे भारदस्त नाव आहे. हाती मात्र पगार नव्हे, मानधन पडते. वस्तीत जावयाचे तेव्हा ते हवे असतात. योजना आखावयाची, पैसा कोठे खर्च करावयाचा हे ठरवावयाचे, तेव्हा पदवीची, इंग्रजी अहवालाची आणि संगणकाची अट आडवी येते. म्हणजे वाट त्यांनी दाखवावी, मुक्काम मात्र दुसऱ्यांनी ठरवावा! पायदळातील शिपाई पंधरा वर्षे लढूनही पायदळातच राहणार असेल, तर त्या सैन्याच्या सेनापतींनी आत्मपरीक्षण केले पाहिजे. १ डिसेंबर १९९४ रोजी पॅरिस येथे जमलेल्या राष्ट्रांनी बाधितांना अधिक सहभाग देण्याचे तत्त्व मान्य केले. २०२१ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने याही पुढे जाऊन, अधिक धोका असलेल्या समूहांसाठीच्या प्रतिबंधक सेवांपैकी ८० टक्के सेवा त्या समूहांच्याच संघटनांनी चालवाव्यात, असे २०२५ सालासाठी उद्दिष्ट ठरविले. सभागृहातील ठराव आणि गल्लीतील व्यवहार यांतील अंतर आजही डोळ्यांत भरण्याइतके मोठे आहे.

या दोषात आमचाही वाटा आहे, हे कबूल केले पाहिजे. प्रस्तुत लेखकाने वृत्तपत्रात येण्यापूर्वी काही वर्षे शाळेत अध्यापन केले. शरीरशास्त्राच्या पुस्तकातील प्रजननाचे प्रकरण आले की, ‘हा भाग घरी वाचा’ असे सांगून विज्ञानाचे शिक्षक पुढे जात, आणि त्यांच्या गैरहजेरीत आम्हीही तेच केले. घरी तो भाग कोण वाचणार, आणि ज्यांना घरच नाही त्यांनी काय करावे, हा विचार त्या वेळी मनास शिवला नाही. पुढे २००७ साली महाराष्ट्रात शालेय लैंगिक शिक्षणास विरोध होऊन ते थांबविण्यात आले, तेव्हा शिक्षकांच्या या मौनालाच जणू राजमान्यता मिळाली. सुशिक्षितांच्या मुलांचे पुस्तकांवर आणि डॉक्टरांवर कसेबसे निभावते. ज्यांचे निभावत नाही, त्यांच्यासाठी वस्तीतील जाणता सोबती हीच शाळा.

असल्या मुलांना पुढारीपण दिले तर अनीतीला प्रतिष्ठा मिळेल, असा आक्षेप निघेल. तो नवा नाही. १९२१ साली मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हा हीच ओरड झाली होती. आणि कर्व्यांना ‘समाजस्वास्थ्य’ मासिकापायी न्यायालयाची पायरीही चढावी लागली. आज संततिनियमनास अनीती म्हणणारा मनुष्य शोधावा लागेल. रोगाला नीती-अनीती कळत नाही. तो अज्ञान आणि भीती यांवर पोसतो. हे जाणूनच संसदेने २०१७ च्या एच.आय.व्ही. आणि एड्स कायद्यात, लागणीचा धोका कमी करण्यासाठी योजलेले उपाय गुन्हा ठरणार नाहीत, असे स्पष्ट केले आहे. याच कायद्यात आणखी एक दूरदृष्टीची तरतूद आहे. बाधित कुटुंबाचा भार वाहणारे, पुरेशी समज असलेले बारा वर्षांवरील मूल आपल्या धाकट्या भावंडांचे पालक होऊ शकते. भावंडांची शाळा, औषधोपचार आणि बँकेतील खाते जे मूल सांभाळू शकते, असे कायदा मानतो, त्यास अठराव्या वर्षानंतरही एखाद्या समितीत बसण्यास आम्ही अपात्र समजतो, हे विपरीत नव्हे काय?

तेव्हा करावयाचे ते उघड आहे. या तरुणांचे सोडलेले शिक्षण पुरे करण्याची सोय कामाच्या वेळा सांभाळून झाली पाहिजे; त्यासाठी वसतिगृहे आणि रात्रशाळा हव्यात. मानधनाच्या जागी नियमित वेतन हवे. अनुभवास पदवीच्या बरोबरीचे मोल देऊन त्यांना बढतीची वाट मोकळी केली पाहिजे. जिल्हा पातळीवरच्या समित्यांत त्यांना जागा हवी, आणि तेथील कामकाज मराठीत चालले पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलाच्या चाचणीस पालकाची संमती लागते. ज्याला घरानेच टाकले त्याची अडचण कशी सोडवावी, हे या तरुणांना विचारूनच ठरवावे. यांतील एकाही गोष्टीस अचाट खर्च येणार नाही.

डॉमिनिकला पुढारी होण्यासाठी आधी ६४ दिवसांचा बंदिवास सोसावा लागला. आपल्या वस्त्यांतील तरुणांकडूनही तीच किंमत घ्यावयाची, की त्यांना आधीच आपल्या शेजारी आसन द्यावयाचे? वाटाड्यांना त्यांचा वाटा देणे हा उपकार नव्हे. ते आपल्यावरचे ऋण आहे, आणि ते फेडण्यास आधीच फार उशीर झाला आहे.