ओल्या कोपऱ्याला फरशी नको, लव्हाळा हवा

पाण्याच्या टाकीमागे कायम ओल राहते, त्या जागेचं काय करायचं, हा आमच्या सोसायटीच्या सभेतला दरवर्षीचा विषय. उत्तरही ठरलेलं: पेव्हर ब्लॉक टाका, कटकट मिटवा. माझा त्याला विरोध आहे. फरशीने ओल जात नाही, नुसती दिसेनाशी होते. आणि बागेतली ओली जागा ही अडचण कशी? तिथे शोभणारी झाडं आपल्याच ओढ्याकाठी आहेत.

अशा जागी मोगरा लावला की मुळं कुजतात. मग नर्सरीवाला अंब्रेला पाम देतो. हा पाम नव्हेच, तो लव्हाळ्यांच्या कुळातला; मूळचा आफ्रिका-मादागास्करकडचा. म्हणजे परदेशी लव्हाळा पैसे मोजून आणायचा आणि आपला तण म्हणून उपटायचा!

तण म्हणणाऱ्यांचं सगळंच चूक नाही. दिवाळीच्या उटण्यात ज्याचे सुगंधी कंद पडतात तो नागरमोथा एकदा वाफ्यात शिरला की हटत नाही. खुरप्याने वरची पात निघते, खालच्या गाठी तशाच राहतात. त्याला माझ्याकडे मज्जाव आहे. कसेरू या आपल्याकडच्या दुसऱ्या लव्हाळ्याला मात्र मी मानाची जागा देईन. माणसाच्या उंचीपर्यंत जाणारा तिधारी दांडा, टोकाला तपकिरी तुऱ्यांचा विस्कटलेला झुबका. दांडा चिमटीत धरून फिरवा, तिन्ही कडा बोटांना लागतात. आडवा कापलात तर आत पांढरं, हलकं भेंड दिसेल. त्यातल्या पोकळ्यांमधून हवा मुळांपर्यंत उतरते, म्हणून चिखलातही हा गुदमरत नाही.

कसेरूही जमिनीखालून धुमारे सोडतो, हे खरं. त्यावर उपाय सोपा आहे. जुना टब जमिनीत गाडून त्यात तो लावावा, काठ चार बोटं वर ठेवावा. मातीच्या पातळीला भोकं पाडली की जास्तीचं पाणी निघून जातं. जागा उन्हाची हवी. पावसाळ्याच्या तोंडावर वाळलेले दांडे बुडाशी कापले की नवे फुटतात.

सभेत डासांची भीती हमखास घातली जाते. डासांच्या अळ्यांना साचलेलं पाणी लागतं. लव्हाळ्याला ओली माती पुरते. गच्चीवरच्या कुंड्यांखालच्या बशा आधी रिकाम्या करा, मग लव्हाळ्याकडे बोट दाखवा.

खरी अडचण रोप मिळण्याची आहे. ओढ्याकाठचं उपटून आणणं योग्य नाही. ओळखीच्या शेतकऱ्याच्या पाटात माजलेलं असेल, तर मूठभर फुटवे तो आनंदाने देईल. पण प्रत्येकाला शेतकरी कुठून सापडणार? महापालिकांनी आपल्या रोपवाटिकांत देशी लव्हाळे वाढवायला हवेत. आणि आपण नर्सरीत नाव घेऊन मागायला हवेत. चार गिऱ्हाइकांनी विचारलं की पाचव्यासाठी माल येतो. दुकानदारीचा हा नियम झाडांनाही लागू आहे.